आकडे चांगले, तरी अंग तपासा

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळ झाली की मी पूर्वेकडच्या खिडकीशी उभा राहतो, दिवा बंद करतो आणि पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत स्वतःचं अंग बघतो. वीस मिनिटं लागतात. शेजारी स्टुलावर हातआरसा, फोन, स्टीलची सहा इंची पट्टी आणि एक दोनशे पानी वही असते. २०१६ पासून यात एकदाही खंड पडलेला नाही.

मला १९९१ पासून एचआयव्ही आहे. १९९४ साली कापोसी सार्कोमा हा कॅन्सर झाला, १९९७ मध्ये तो गेला, आणि १९ वर्षांनी परत आला. परत आला तेव्हा माझे रक्ताचे आकडे उत्तम होते. सीडी-४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या, ५४०, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला एचआयव्ही, मोजता येणार नाही इतका कमी. त्या आकड्यांच्या भरवशावर मी अंगाकडे बघणंच सोडून दिलं होतं. तुमची औषधं वर्षानुवर्षं नीट चालू असतील आणि हा आजार एकदा होऊन गेला असेल, तर मी आता जे करतो ते तुम्ही आधीपासून करावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

मी डॉक्टर नाही. मूळचा साताऱ्याचा. १९८३ साली नोकरीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला आलो आणि पुलांची तपासणी करणारा इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. खाली जी पद्धत सांगतोय ती अर्धी दवाखान्यातल्या नर्सनी शिकवलेली आहे आणि अर्धी पुलांवर शिकलेली.

हा आजार काय आहे

डाग कातडीवर दिसतात म्हणून सगळे याला त्वचेचा कॅन्सर म्हणतात. प्रत्यक्षात तो रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या (शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा असतो. म्हणूनच त्याचा रंग लाल-जांभळा, आणि म्हणूनच तो कातडीपुरता राहीलच असं नाही. तोंडात होतो, लसीकाग्रंथींत होतो, वाढला तर आतड्यात आणि फुप्फुसात जातो. मोरित्झ कापोसी या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १८७२ साली तो पहिल्यांदा नोंदवला. त्यांचे रुग्ण वयस्कर पुरुष होते. १९८१ च्या जुलैमध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य साप्ताहिकात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ समलिंगी पुरुषांना तो झाल्याची बातमी आली, तेव्हा एड्स हा शब्दही जन्मला नव्हता.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत कॅस्ट्रो आणि अठराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या स्टार फार्मसीच्या काचेत बॉबी कॅम्पबेल नावाच्या नर्सने स्वतःच्या डागांचे फोटो लावले. असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा, एवढंच त्याचं सांगणं होतं. माझ्या जोडीदाराने ते फोटो तिथे उभं राहून पाहिले होते. बॉबी १९८४ च्या ऑगस्टमध्ये गेला. माझा जोडीदार १९९३ मध्ये.

आजाराचं मूळ १९९४ च्या डिसेंबरात कळलं. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या शास्त्रज्ञ जोडप्याला कापोसीच्या गाठींमध्ये हर्पिसच्या कुळातला एक नवा विषाणू सापडला. त्याला एचएचव्ही-८ म्हणतात. तो मुख्यतः लाळेतून पसरतो आणि एकदा शरीरात आला की आयुष्यभर राहतो. निरोगी माणसात तो बहुधा काहीच करत नाही. प्रतिकारशक्ती ढिली पडली की डोकं वर काढतो. घरात कोणी असेल तर हेही सांगा, की ताट-वाटी, पेला, टॉवेल वेगळा ठेवायची गरज नाही. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मग आकडे चांगले असताना परत का?

हा प्रश्न मला पाच-सहा जणांनी तरी विचारला आहे, बहुतेकांनी घाबरून, 'म्हणजे माझी औषधं काम करत नाहीत का?' असं. तसं नाही. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या, गोळ्या एचआयव्हीला आवरतात. एचएचव्ही-८ ला त्या मारत नाहीत. प्रतिकारशक्ती सावरली की ती स्वतः कापोसीला दाबून ठेवते, आणि बहुतेकांच्या बाबतीत हे पुरेसं होतं. १९९६ नंतर कापोसीचे रुग्ण झपाट्याने कमी झाले ते यामुळेच.

पण २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्याच त्वचारोगतज्ज्ञांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटं पत्र छापलं. नऊ रुग्ण. सगळ्यांचा सीडी-४ ३०० च्या वर, व्हायरल लोड ३०० च्या खाली, आणि तरी अंगावर कापोसी. त्यांचा आजार आक्रमक नव्हता, १९८० च्या दशकातल्यासारखा जीवघेणा नव्हता, पण होता. कारणाबद्दल तेव्हा जो अंदाज मांडला गेला तो मला पटतो. एचआयव्ही घेऊन जगलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती वयाच्या मानाने लवकर म्हातारी होते. सीडी-४ चा आकडा पेशी किती आहेत ते सांगतो. त्या किती ताज्या दमाच्या आहेत ते सांगत नाही.

ते पत्र आलं तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या नर्सने मला त्याची प्रत दिली होती. मी ती घडी घालून खणात ठेवली.

अंग कसं बघायचं

उजेड दिवसाचा हवा. ट्यूबलाइटखाली जांभळा आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही, आणि पिवळ्या दिव्याखाली तर सगळंच तपकिरी दिसतं. खिडकीशी उभे राहा, ऊन अंगावर थेट येणार नाही असं. आंघोळीनंतर लगेच नको. गरम पाण्याने कातडी लालसर झालेली असते. दहा मिनिटं थांबा.

सुरुवात तळपायापासून. खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. तळवा, टाच, प्रत्येक दोन बोटांच्या मधली बेचकी बोटांनी फाकवून. मग घोट्याच्या आतली आणि बाहेरची बाजू, पोटरी, गुडघ्यामागची घडी. पायांना जास्त वेळ द्या, कारण कापोसीची ती आवडती जागा आहे. मग जांघा आणि लिंग किंवा योनीचा भाग. लाजू नका, तिथेही होतो. पोट, बेंबी, छाती, काखा, हात. मग चेहरा. नाकाचा शेंडा, पापण्या, कानाची पाळी आणि कानामागची जागा आरशात बघा. केस दाट असतील तर डोक्यावर बोटं फिरवा.

पाठ स्वतःला दिसत नाही. मी न्हाणीघरातल्या आरशाकडे पाठ करून हातआरशात बघतो आणि फोनने फोटो काढतो. एकटा राहतो, म्हणून हा उपाय. घरी माणूस असेल आणि त्याला तुमचा आजार माहीत असेल, तर सरळ त्याला सांगा.

तोंड शेवटी, पण चुकवायचं नाही. कवळी असेल तर काढा. फोनचा टॉर्च लावून मान मागे टाका आणि टाळू बघा, पुढच्या दातांमागून पार पडजिभेपर्यंत. मग हिरड्या, विशेषतः मागच्या दाढांमागच्या. टाळूवरचा कापोसी आधी सपाट जांभळट पट्ट्यासारखा असतो. दुखत नाही, झोंबत नाही, म्हणून कळतच नाही. दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर 'टाळू नीट बघा, मला पूर्वी कापोसी होता' एवढं वाक्य मी न चुकता बोलतो.

आता काय शोधायचं. इथे आपल्या कातडीचा प्रश्न येतो, आणि माझे चार महिने याच एका गोष्टीपायी वाया गेले आहेत. बॉबी कॅम्पबेलचे फोटो असोत की पुस्तकातले, सगळे गोऱ्या कातडीवरचे. तिथे डाग वाइनच्या रंगाचा, झगझगीत जांभळा दिसतो. १९९४ साली मीही जांभळ्या डागाची वाट बघत होतो. आला तो डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, मसुराच्या डाळीएवढा, गडद तपकिरी. बूट घासल्याचा डाग समजून मी त्यावर खोबरेल लावत राहिलो. सावळ्या कातडीवर कापोसी तपकिरी, काळपट, फार तर सुकलेल्या आमसुलाच्या रंगाचा दिसतो. जांभळी झाक बघायची असेल तर डागाच्या दोन्ही बाजूंची कातडी बोटांनी ताणून तिरक्या उजेडात बघा. तेव्हा कडेला ती झाक दिसते.

तो खाजत नाही. बहुधा दुखतही नाही. आधी सपाट असतो, मग हळूहळू वर येतो. आकार गोल असण्यापेक्षा लांबट, कातडीच्या घड्यांच्या दिशेने ओढल्यासारखा. पुष्कळदा एकाजवळ दुसरा असतो.

मुका मार ओळखायला सोपा आहे. तो पहिल्या दिवशी काळानिळा, चार-सहा दिवसांनी हिरवट-पिवळट आणि दोन-तीन आठवड्यांत गेलेला. कापोसीचा डाग असे रंग बदलत नाही आणि जातही नाही. वय झालं की छाती-पोटावर लालभडक, टाचणीच्या डोक्याएवढे तीळ येतात. २०१९ मध्ये अशा दोन तिळांनी माझी झोप उडवली होती. डॉक्टरांनी भिंगातून बघितलं आणि हे वयाचे आहेत म्हणून सांगितलं. तरी मी गेलो याचं मला वाईट वाटत नाही.

पायाची सूजही नोंदवा. मोज्याच्या इलास्टिकचा वळ दोन्ही पायांवर सारखा उमटतो का बघा. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून दोन्ही पोटऱ्यांना शिंप्याचा टेप लावा. एकच पाय जाड होत चालला असेल, तर कातडीवर काही नसलं तरी आतल्या लसीकावाहिन्या तुंबलेल्या असू शकतात.

वही आणि पट्टी

पुलाच्या काँक्रीटमध्ये तडा दिसला की आम्ही आधी त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारायचो आणि शेजारी तारीख लिहायचो. रुंदी मोजायची, फोटो काढायचा आणि जायचं. पुढच्या वेळी तडा रेघेपलीकडे गेला असेल, तर तो वाढता. रेघेतच असेल, तर जुना. 'मला आठवतंय तेवढाच आहे' हे वाक्य आमच्या अहवालात चालत नसे.

अंगावरही तेच करायचं. वहीत माणसाच्या पुढून-मागून अशा दोन साध्या आकृत्या काढा. असलेला प्रत्येक डाग, तीळ, वण त्यावर नंबर घालून मांडा. संशय असेल त्या डागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. दर वेळी तीच खिडकी, तेच अंतर. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. पहिल्या रविवारी तासभर जाईल. नंतर फक्त बदल बघायचा असतो.

जुने डाग असलेल्यांसाठी याचं मोल जास्त आहे. कापोसी बरा झाला तरी त्याची जागा स्वच्छ होत नाही. डागातून रक्त झिरपलेलं असतं, त्यातलं लोह कातडीत उरतं आणि तपकिरी छाप वर्षानुवर्षं, कधी कायमची राहते. माझ्या घोट्यावर अशा सहा छापा आहेत. त्या आजार नव्हेत. मग त्यातच आजार परतला तर कळणार कसं? डोळे मिटा आणि बोटाचं टोक छापेवरून हलकेच फिरवा. छाप शेजारच्या कातडीइतकीच सपाट लागते. बोट किंचित चढलं, कणभर टणक लागलं, किंवा वहीतल्या मापापेक्षा कड पुढे गेलेली दिसली, तर डॉक्टरकडे जायचं. २०१६ मध्ये मला असंच कळलं, पण वही नव्हती, म्हणून किती दिवसांचं आहे ते सांगता येईना.

स्टिरॉइडपासून सावध

या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

२०१६ च्या सुरुवातीला माझा उजवा गुडघा इतका दुखायला लागला की घराचे जिने चढता येईनात. हाडांचे एक डॉक्टर ओळखीचे होते, मराठी, गणपतीत दर वर्षी भेटणारे. त्यांच्याकडे गेलो. फॉर्मवर इतर आजारांचा रकाना होता. मी रक्तदाब लिहिला आणि पेन थांबलं. या माणसाची बायको माझ्या हातची पुरणपोळी खाते, असं मनात आलं. एचआयव्ही लिहिलं नाही. त्याच्या गोळ्याही लिहिल्या नाहीत. त्यांनी गुडघ्यात ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, सर्वांना देतात तसंच. त्यांच्याकडून काहीच चुकलं नव्हतं.

माझ्या एचआयव्हीच्या गोळ्यांमध्ये तेव्हा कोबिसिस्टॅट होतं. ते बूस्टर आहे. यकृतातलं औषधं मोडणारं एन्झाइम ते रोखून धरतं, म्हणजे मुख्य औषध रक्तात जास्त वेळ टिकतं. रिटोनाव्हिरही हेच करतं. पण ते एन्झाइम ट्रायमसिनोलोनही मोडतं. ते अडवलं गेलं, आणि गुडघ्यापुरतं दिलेलं स्टिरॉइड अंगभर आठवड्यांमागून आठवडे फिरत राहिलं. चेहरा वाटोळा झाला. मांड्या बारीक झाल्या, साखर वाढली. गुडघा मात्र छान होता, म्हणून मी खूश होतो. अडीच महिन्यांनी घोट्यावरच्या जुन्या छापांपैकी एकीवर बोट चढलं. शेजारी दोन नवे डाग होते.

स्टिरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं आणि कापोसीला चेतवतं, हे डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक आहे. माझ्या बाबतीत एकट्या इंजेक्शननेच झालं असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, 'गेल्या काही महिन्यांत कुठलं स्टिरॉइड घेतलंत?'

तेव्हा हे नीट वाचा. सांध्यातलं किंवा पाठीतलं इंजेक्शन, दम्याचा पंप, सर्दीचा नाकातला स्प्रे, अंगाला लावायचं मलम, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, या सगळ्यांत स्टिरॉइड असू शकतं. तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्यांमध्ये रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असेल, तर फ्लुटिकासोनचा पंप किंवा स्प्रेसुद्धा अंगात साठतो. दम्यासाठी बेक्लोमेथासोनचा पंप सहसा चालतो, पण तो बदल डॉक्टरांनाच करू द्या. आणि हे वाचून घाबरून चालू असलेलं स्टिरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं असेल तर शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. अचानक तोडलं तर जीवावर बेतू शकतं.

मी आता पाकिटात एक कार्ड ठेवतो. त्यावर तीन ओळी आहेत: मला एचआयव्ही आहे. पूर्वी कापोसी सार्कोमा झालेला आहे. कुठलंही स्टिरॉइड देण्याआधी माझ्या डॉक्टरांशी बोला. खाली गोळ्यांची नावं आणि दवाखान्याचा फोन. त्या हाडांच्या डॉक्टरांकडे मी नंतर गेलो आणि ते कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'अहो, आधी सांगायचं ना.' गणपतीचं आमंत्रण त्या वर्षीही आलं.

डॉक्टरकडे गेल्यावर

नुसतं 'डाग आलाय' म्हणू नका. असं सांगा: 'मला पूर्वी कापोसी होता. हा डाग इतक्या आठवड्यांपासून आहे, इतके मिलिमीटर होता, आता इतका आहे. हा कापोसी आहे का? बायॉप्सी करता येईल का?' वही पुढे ठेवा. डॉक्टर तरुण असतील तर त्यांनी कापोसी कदाचित पुस्तकातच पाहिलेला असेल, म्हणून नाव तुम्हीच घ्या.

बायॉप्सी लागतेच. बार्टोनेला नावाच्या जंतूमुळे, जो मांजरांकडूनही येतो, हुबेहूब असेच लाल-जांभळे फोड येतात आणि ते साध्या अँटिबायोटिकने बरे होतात. नजरेने कोणालाही खात्री देता येत नाही. कातडी बधिर करायची सुई टोचते तेवढंच दुखतं. मग पेन्सिलीएवढ्या गोल पात्याने चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एक-दोन टाके घालतात. पायावर असेल तर दोन-तीन दिवस पाय उंच ठेवा, नाहीतर टाका ठसठसतो. एचएचव्ही-८ ची खूण दाखवणारी लाना नावाची चाचणी त्याच तुकड्यावर होते. ती केली आहे ना, हे विचारा.

डागाबरोबर धाप लागत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, शौचाला काळं होत असेल, किंवा ताप आणि गळ्या-काखेतल्या गाठी असतील, तर पुढच्या रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी जा.

उपचार

याबद्दल थोडक्यात, कारण हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. एचआयव्हीच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे पहिलं. डाग थोडे आणि कातडीपुरते असतील तर नुसतं लक्ष ठेवणंही उपचारच असतो. नाहीतर गोठवणं, डागात व्हिनब्लास्टिनचं इंजेक्शन, थोडं रेडिएशन. आजार पसरलेला असेल, पाय सुजलेला असेल किंवा आतले अवयव धरले असतील तर शिरेतून केमो. लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन १९९५ च्या नोव्हेंबरात मंजूर झालं आणि पुढच्या वर्षी मला त्याचे सहा डोस मिळाले, दर तीन आठवड्यांनी एक. ते औषध हृदयावर ताण देतं, म्हणून आयुष्यात एकूण किती घेतलं याचा हिशेब तुमच्याकडे लेखी हवा. दवाखाना बदलतो, फायली हरवतात. माझा १९९६ चा कागद मी स्वतः जपला होता म्हणून २०१६ मध्ये सापडला.

त्या वेळी केमोची गरज पडली नाही. डॉक्टरांनी माझ्या गोळ्या बदलून बूस्टर नसलेल्या डोलुटेग्राव्हिरच्या दिल्या, स्टिरॉइड अंगातून उतरू दिलं आणि उंचावलेला डाग दोनदा गोठवला. वर्षभरात तीनही सपाट झाले. घोट्यावर आता आठ छापा आहेत.

भारतात जाताना

आपल्याकडे हा विषाणू फार कमी लोकांत आहे, त्यामुळे एचआयव्ही असूनही कापोसी क्वचितच दिसतो. म्हणून तिथले चांगले डॉक्टरही त्याचा विचार पटकन करत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. बायॉप्सीच्या अहवालाची प्रत बरोबर ठेवा. कोणी 'गजकर्ण दिसतंय' म्हणून मलम दिलं तर वेष्टनावरची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलेली मिश्र मलमं दुकानात अगदी सहज मिळतात. तीही स्टिरॉइडच. औषधांचा साठा प्रवासापेक्षा महिनाभर जास्त घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

मी २०१८ च्या डिसेंबरात साताऱ्याला गेलो तेव्हा अक्काला सगळं सांगितलं. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ऐकून घेतलं, बराच वेळ शेंगा सोलत राहिली, मग विचारलं, 'मग आता काय काय बघायचं असतं?' दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कोवळ्या उन्हात तिने मला पाटावर बसवलं, चष्मा लावला आणि पाठ बघायला घेतली. मी वही उघडून बसलो होतो. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक तपकिरी डाग होता. दोन वर्षं मी त्याचे फोटो काढत होतो, नऊ मिलिमीटर, दर वेळी नऊच, आणि वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. अक्काने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'हा होय? हा तर तुला जन्मल्यापासून आहे. तुला तेल लावताना आई रोज बघायची.'

मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि शेजारी लिहिलं: नंबर १४, जन्मखूण, अक्काने सांगितलं. मग तिने मान खाली वाकवायला लावली आणि कानामागे बघायला लागली.